एसव्हीजी ते वेक्टर ड्रॉएबल: अँड्रॉइडने काय घेतले, काय सोडले

डिझायनरने दिलेली एसव्हीजी फाइल तुम्ही अँड्रॉइड स्टुडिओत आयात करता आणि चिन्हातला मजकूर गायब होतो. याचे कारण इतिहासात आहे.

१९९८ मध्ये वेबवरील वेक्टर चित्रांसाठी मायक्रोसॉफ्ट आणि सहकाऱ्यांचा व्हीएमएल व अडोबी आणि सहकाऱ्यांचा पीजीएमएल हे प्रस्ताव डब्ल्यूथ्रीसीकडे आले. त्यांच्या जागी एसव्हीजी हे सामाईक मानक घडले आणि २००१ मध्ये मंजूर झाले. त्यात मजकूर, फिल्टर, सीएसएस, स्क्रिप्ट असे सारेच होते. मोबाइलला ते जड, म्हणून २००३ मध्ये एसव्हीजी टायनी आली.

अँड्रॉइड मात्र आधी पीएनजीवरच चालले. ४८ डीपीचे एकच चिन्ह ४८, ७२, ९६ पिक्सेल अशा वेगवेगळ्या प्रतींत ठेवावे लागे. २०१४ मध्ये अँड्रॉइड ५.० सोबत वेक्टर ड्रॉएबल आले. त्याने एसव्हीजीतून मुख्यतः पाथची भाषा उचलली: एम म्हणजे लेखणी उचलून बिंदूवर ठेवा, एल म्हणजे सरळ रेषा, सी म्हणजे बेझिए वक्र, झेड म्हणजे आकार बंद करा. वर्तुळ, आयत यांचे रूपांतर पाथमध्ये होते. मजकुराला जागाच नाही. म्हणून अक्षरांचे पाथ इंकस्केपमध्ये आधीच करून घ्या. माझ्या मते ही काटछाट योग्यच होती. चिन्ह काढण्यासाठी फोनवर अर्धा ब्राउझर कशाला हवा?

अॅनिमेशनचा नियमही यातूनच येतो. एका आकाराचा दुसरा आकार करताना अँड्रॉइड फक्त आकडे हळूहळू बदलते, आज्ञा बदलत नाही. म्हणून दोन्ही पाथमध्ये त्याच आज्ञा, त्याच क्रमाने हव्यात. 'प्ले'चा त्रिकोण आणि 'पॉज'चे दोन आयत घ्या. त्रिकोण तीन बिंदूंचा, आयत मात्र दोन आणि प्रत्येकी चार बिंदूंचे. थेट जमणार नाही. त्रिकोण उभा कापा. डावा तुकडा आपोआप चौकोन होतो. उजव्या तुकड्यात टोकाचा बिंदू दोनदा लिहा, म्हणजे तोही कागदोपत्री चौकोन! डोळ्याला फरक दिसत नाही, पण आता दोन्हीकडे आज्ञा जुळतात.

२०१६ मध्ये सपोर्ट लायब्ररीने वेक्टर चित्रे जुन्या फोनवर नेली. आकार बदलण्याची ही सोय मात्र तिथे लगेच मिळाली नाही.

गुंतागुंतीची दृश्ये अशी हाताने लिहिणे कंटाळवाणेच. २०१७ मध्ये एअरबीएनबीने लॉटी खुली केली. आफ्टर इफेक्ट्समधले अॅनिमेशन बॉडीमूव्हिन जेसनमध्ये उतरवते आणि लॉटी ते फोनवर चालवते. नाव छायाचित्रपटांच्या जर्मन दिग्दर्शिका लॉटे रायनिगर यांच्यावरून. पण तीही आफ्टर इफेक्ट्समधले सर्व काही घेत नाही. काय चालते याची यादी कामाला लागण्यापूर्वीच डिझायनरच्या हाती द्या.