काकांची वही रद्दीत गेली, त्यावरून आठवलेला इतिहास

लोटे म्हटलं की बातमी येते ती प्रदूषणाची, नाहीतर स्फोटाची. त्या बातम्या खऱ्याच आहेत. पण इथल्या कारखान्यांत माणसांनी डोकंही चालवलंय, त्याची नोंद कुठे आहे?

आमच्या वाडीतले एक काका एमआयडीसीतून रिटायर झालेत. परवा घर आवरताना त्यांच्या कपाटात एचपी-४१सीव्ही कॅल्क्युलेटर सापडला. भावाने दुबईहून आणलेला. हा साधा बेरीज-वजाबाकीचा नव्हे, प्रोग्रॅम घालता येणारा. काकांनी त्यात आडव्या गोल टाकीचा हिशोब बसवला होता. अशा टाकीत पट्टी घालून उंची मोजली तरी लिटर त्रैराशिकाने निघत नाहीत, कारण टाकी मध्ये रुंद आणि वर-खाली अरुंद. कोन काढा, वर्गमूळ काढा, मग लांबीने गुणा. नाईट शिफ्टला हे कोण करत बसणार? काका तीन आकडे टाकायचे, लिटर हजर!

बॅटरी संपून किती वर्षं झाली कोण जाणे. प्रोग्रॅम पुसला गेला. तो ज्या वहीत लिहिला होता, ती रद्दीत गेली.

आता बाहेर काय झालं बघा. १९७४ साली एचपी-६५ आला. प्रोग्रॅमच्या १०० पायऱ्या, साठवायला छोटं चुंबकीय कार्ड, किंमत ७९५ डॉलर. १९७५ च्या अपोलो-सोयूझ मोहिमेत तो अंतराळातही गेला. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. त्याच १९७४ मध्ये कॅलिफोर्नियात रिचर्ड नेल्सन यांनी वापरणाऱ्यांचा क्लब काढला. कुणी सर्व्हेअर, कुणी इंजिनिअर. आपापले प्रोग्रॅम पोस्टाने पाठवायचे, ते क्लबच्या पत्रिकेत छापून यायचे. १९७९ ला एचपी-४१सी आल्यावर या लोकांनी मॅन्युअलमध्ये नसलेल्या करामती शोधल्या. विल्यम विक्स यांनी त्यावर पुस्तकच लिहिलं. पुढे सभासदांनी स्वतःच्या प्रोग्रॅमचा एक रॉम तयार केला आणि तो कंपनीकडूनच बनवून घेतला! आज जगभरचे संग्राहक ही यंत्रं, मॅन्युअल, कार्डं जपतात ती या सवयीमुळे.

आपल्याकडे कंपन्यांचा इतिहास सांगितला जातो. शिव नाडर आणि सहकारी दिल्लीच्या डीसीएममधून बाहेर पडले, सुरुवातीला कॅल्क्युलेटर विकले, त्यातून एचसीएल उभी राहिली वगैरे. वापरणाऱ्यांचं काय? चिपळूणला १८६४ पासूनचं लोटिस्मा आहे, २००५ आणि २०२१ चे पूर सोसून उभं आहे. तिथे जुन्या कोकणाच्या वस्तू जपल्या आहेत. एमआयडीसीच्या पिढीची एखादी वही, एखादं यंत्र तिथे ठेवायला काय हरकत आहे? मागणी आपणच करायला हवी.

तोवर एक करा. गणपतीला घर आवराल तेव्हा असं यंत्र निघालं तर आधी सेल काढा, नाहीतर आतलं पाणी गळून पत्रे खातं. कार्डवालं असेल तर लगेच कार्ड घालू नका. आतल्या चाकाचं रबर वितळून चिकट झालेलं असतं, कार्ड अडकतं. आणि सोबत वही असेल तर पानांचे फोटो काढा.

काकांना विचारलं, "प्रोग्रॅम आठवतो का?" म्हणाले, "अर्धा आठवतो." उरलेल्यासाठी रविवारी बसतोय. नवे सेल मागवलेत.