नागपूरचा ठराव ते गिरडचा सातबारा : स्त्रियांच्या कायदेशीर हक्कांची वाटचाल

वर्धा जिल्ह्यातील गिरड काय किंवा विदर्भातील दुसरे कोणतेही गाव काय, वडिलांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला की अनेक घरांत बहिणींपुढे हक्कसोडपत्राचा कागद येतो. "माहेर तुटू नये" म्हणून बहीण सही करते. त्या एका सहीने ती काय सोडते, हे समजण्यासाठी हा इतिहास माहीत हवा.

१९४२ : नागपूर

२० जुलै १९४२ रोजी नागपुरात दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते. स्त्रीला घटस्फोटाचा कायदेशीर हक्क मिळावा, बहुपत्नीत्व कायद्याने बंद व्हावे, कामगार स्त्रियांना रजा व निवृत्तिवेतन मिळावे आणि कायदेमंडळात महिलांसाठी राखीव जागा असाव्यात, अशा मागण्या तिथे ठरावांद्वारे झाल्या. जातीत काडीमोडाची रीत होती, पण रिवाज म्हणजे हक्क नव्हे. कोर्टात उभे राहील असे काही या स्त्रियांना हवे होते.

मुंबई प्रांतात १९४६ मध्ये द्विभार्याप्रतिबंधाचा आणि १९४७ मध्ये घटस्फोटाचा कायदा झाला. वर्धा जिल्हा मात्र तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. त्यामुळे ते कायदे गिरडच्या स्त्रीला लागू नव्हते.

हिंदू कोड बिल

कायदेमंत्री म्हणून बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल पुढे नेले. विवाह, घटस्फोट, वारसा, दत्तक आणि पोटगी या सर्व बाबी त्यात होत्या. सनातनी विरोधामुळे चर्चा वर्षानुवर्षे लांबली. सप्टेंबर १९५१ मध्ये विवाह व घटस्फोटाचा भागही अर्धवट सोडून देण्यात आला. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी राजीनामा दिला. हे बिल बारगळणे हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते.

पुढे तेच बिल तुकड्यांनी मंजूर झाले. १९५५ मध्ये विवाह कायदा आला. १९५६ मध्ये वारसा, अज्ञानत्व व पालकत्व आणि दत्तक व पोटगी हे तीन कायदे आले. नावात 'हिंदू' असले तरी ते बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू आहेत. म्हणूनच धम्मदीक्षेनंतरही बौद्ध स्त्रीच्या वारसाहक्काचा आधार हाच कायदा राहिला.

उरलेला वाटा

१९५६ च्या कायद्याने वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत, त्यांनी मृत्युपत्र केलेले नसेल तर, मुलीला मुलाइतका वाटा दिला. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मात्र जन्मसिद्ध हक्क मुलांचाच राहिला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना तो हक्क दिला, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद संपवला. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, हा हक्क जन्माने मिळतो. २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी कायदेशीररीत्या झालेल्या वाटण्या मात्र कायम राहतात.

कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावे

१. वारस नोंदीच्या अर्जात मुलींसह सर्व वारसांची नावे आली पाहिजेत. फेरफार मंजूर होण्यापूर्वी हरकत घेता येते.
२. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून हक्क संपत नाही. सातबारा हा महसुली अभिलेख आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे.
३. जमिनीचे हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते. सहीपूर्वी बहिणीला तो कागद पूर्ण वाचून दाखवा आणि वाटा किती एकर आहे ते सांगा.

बहिणीने वाटा घ्यावा की सोडावा, हा निर्णय तिचा. पण तो तिने माहिती घेऊन करावा, भीतीने नव्हे. बाबासाहेबांच्या राजीनाम्याचा दिवस आपण आठवतो. त्याआधी आपल्या घरातील सातबारा काढून त्यावर बहिणीचे नाव आहे का, तेही पाहू या.