हृदयातल्या कणांची कुळकथा

१९५६ साली ब्रुनो किश यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गिनीपिगच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांत बारीक, गडद कण दिसले. असे कण संप्रेरके स्रवणाऱ्या ग्रंथींत सापडतात. रक्त ढकलणाऱ्या स्नायूत त्यांचे काय काम?

या प्रश्नाचा पिच्छा पुरवला तो मूळच्या अर्जेंटिनाच्या अडोल्फो द बोल्ड यांनी. कॅनडातल्या किंग्स्टन इथे त्यांनी उंदरांच्या हृदयाचे वरचे कप्पे वाटून त्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांच्या शिरेत टोचला. काही मिनिटांतच लघवी दसपट झाली आणि तिच्यातून बाहेर पडणारे सोडियम तीसपटीहून वाढले. खालच्या कप्प्यांच्या अर्काने मात्र काहीच घडले नाही. १९८१ साली हे प्रसिद्ध झाले आणि हृदय ही एक ग्रंथीही आहे, हे मान्य करणे भाग पडले. या साऱ्या कथेत मला हाच प्रयोग सर्वांत देखणा वाटतो.

१९८८ साली जपानमध्ये हिसायुकी मात्सुओ यांच्या गटाला त्या अर्कातल्या परिणामकारक रेणूच्याच घराण्यातला आणखी एक रेणू डुकराच्या मेंदूत सापडला. म्हणून त्याच्या नावात मेंदू आला: ब्रेन नॅट्रियुरेटिक पेप्टाइड, म्हणजेच बीएनपी. पुढे कळले की माणसात तो मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून येतो. तिथे रक्त तुंबून भिंती ताणल्या की पेशी १०८ अमिनो आम्लांची साखळी तयार करतात. ती तुटून ३२ अमिनो आम्लांचे बीएनपी आणि ७६ चे एनटी-प्रोबीएनपी वेगळे होते. बीएनपी मीठ-पाणी बाहेर काढायला लावते. दुसरा तुकडा निष्क्रिय असतो, पण रक्तात जास्त वेळ टिकतो.

तातडीच्या विभागात बीएनपी मोजण्याचा उपयोग काय, हे २००२ साली ॲलन मायसेल आणि सहकाऱ्यांनी दाखवले. धाप लागून आलेल्या १,५८६ रुग्णांत बीएनपीची १०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर ही मर्यादा धरली, तर दम हृदयामुळे आहे की नाही याचा निवाडा सुमारे ८३ टक्के वेळा बरोबर ठरला. दमेकऱ्याचा पंप द्यायचा की अंगातले पाणी उतरवायचे, हे ठरवताना या आकड्याचे मोल फार मोठे आहे. तरीही निव्वळ आकड्यावर विसंबू नये. मूत्रपिंडे अधू असली तर तो चढतो, लठ्ठ माणसात कमी दिसतो. सॅक्युबिट्रिल हे हृदयाचे औषध घेणाऱ्यांत तर बीएनपी मोडणारे विकरच अडवलेले असते. म्हणून त्यांच्यात डॉक्टर एनटी-प्रोबीएनपी तपासतात.