गोधडीतून उभी राहिलेली कार्यशाळा

पॅरिसच्या ‘आतलिए सिम्युल्ताने’ या कापड-कार्यशाळेची रीतसर स्थापना १९२४ सालची. पण तिची सुरुवात तेरा वर्षे आधी, एका पाळण्यापाशी झाली होती.

१९११च्या जानेवारीत चित्रकार सोनिया देलोने यांना मुलगा झाला. बाळासाठी त्यांनी कापडाचे तुकडे जोडून गोधडी शिवली, रशियातल्या शेतकरी बायका शिवत तशी. सोनियांचा जन्म १८८५चा, युक्रेनमधला. वाढल्या सेंट पीटर्सबर्गला, मामाकडे. तोवर त्या माणसांची चित्रे रंगवत. या गोधडीत मात्र ना माणूस होता, ना फूल. गुलाबी, हिरवे, तपकिरी, काळे तुकडे एकमेकांना खेटून बसले होते, एवढेच. अमूर्त चित्रकलेकडे त्या वळल्या त्या या शिवणीतून.

‘सिम्युल्ताने’ म्हणजे एकाच वेळी. हा शब्दही मुळात कापडाच्याच धंद्यातून आलेला. पॅरिसच्या गोब्लँ विणकामशाळेत शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगाईचे प्रमुख होते. काळा रंग फिका पडतो, अशा तक्रारी येत. शेव्रल यांनी तपासले तर दोष रंगात नव्हता, त्याच्या शेजारच्या रंगात होता. पोपटी काठाशेजारी लाल अधिक लाल दिसतो, तसाच हा प्रकार. एकाच वेळी दिसणाऱ्या रंगांच्या या परिणामावरचा त्यांचा ग्रंथ १८३९ साली निघाला. सोनिया आणि त्यांचे पती रॉबेर यांनी त्याच तत्त्वावर आपली चित्रकला उभारली. सोनियांनी ते अंगावरही घातले. १९१३ साली बाल बुलिये या नाचघरात त्या रंगीत तुकड्यांचा स्वतः शिवलेला पोशाख घालून जात.

धंदा मात्र गरजेपोटी सुरू झाला. सेंट पीटर्सबर्गच्या मालमत्तेचे भाडे १९१७च्या क्रांतीने बंद पडले. महायुद्धामुळे कुटुंब तेव्हा स्पेन-पोर्तुगालात होते. रशियन बॅले मंडळी चालवणारे दियागिलेव्ह यांनी ‘क्लिओपात्रा’ या बॅलेच्या पोशाखांचे काम दिले आणि सोनियांनी माद्रिदमध्ये ‘कासा सोनिया’ हे दुकान उघडले. संसार आता सोनियांच्या कमाईवर चालू लागला.

१९२१ साली कुटुंब पॅरिसला परतले. बुलव्हार मालशेर्बवरचा फ्लॅट एकाच वेळी घर, कारखाना आणि दुकान झाला. १९२३ साली लिआँच्या एका रेशीम उत्पादकाने पन्नास नक्षी मागवल्या. पुढच्याच वर्षी सोनियांनी स्वतःची कार्यशाळा काढली. तिथे आधी कागदावर गुवाशने, म्हणजे अपारदर्शक जलरंगाने, नक्षी रंगवायची, तिला क्रमांक द्यायचा, मग तीच नक्षी वेगवेगळ्या रंगसंगतींत करून पाहायची. १९२५च्या पॅरिसमधील सजावटी कलांच्या प्रदर्शनात अलेक्झांडर पुलावर फॅशनकार जाक हाईम यांच्यासोबत त्यांचे दुकान लागले. याच काळात त्यांच्या नक्षीने रंगवलेली सित्रोएन मोटार आणि तिला साजेसे कोट घातलेल्या तरुणी यांची छायाचित्रे निघाली. हॉलिवूडची नटी ग्लोरिया स्वॅन्सन यांनीही त्यांच्याकडून कोट करून घेतला.

१९२७ साली सोर्बोन विद्यापीठातल्या व्याख्यानात सोनियांनी चित्रकलेचा वेशभूषेवरचा परिणाम मांडला. कार्यशाळेतून निघालेली एक कल्पनाही त्यांनी तिथे सांगितली. नक्षी आणि बेतण्याच्या रेषा एकाच कापडावर छापायच्या. गिऱ्हाइकाने ते घरी न्यायचे, रेषेवर कात्री चालवायची आणि शिवायचे. कापड कुठे कापले जाणार हे नक्षी काढणारीलाच ठाऊक असल्याने नक्षी शिवणीत मोडत नसे. तयार कपड्यांच्या बाजारपेठेची दिशा त्यांनी अशी आधीच हेरली होती.

१९२९च्या मंदीने गिऱ्हाईक आटले. दुकान आवरून सोनिया पुन्हा कॅनव्हासकडे वळल्या. अॅम्स्टरडॅमच्या मेट्झ कंपनीसाठी मात्र त्या नक्षी देत राहिल्या. १९४१ साली रॉबेर गेले. त्यांची चित्रे जपणे आणि लोकांसमोर आणणे हेही काम सोनियांनी अंगावर घेतले. कापडात हात घातलेली बाई म्हणून त्यांच्या स्वतःच्या चित्रांकडे मात्र समीक्षक बराच काळ तिरक्या नजरेने पाहत राहिले.

१९६४ साली लूव्रमध्ये त्यांच्या कामाचे प्रदर्शन भरले. हयातीत हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री कलावंत. ५ डिसेंबर १९७९ रोजी, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी त्या गेल्या.

कार्यशाळा केव्हाच मिटली. पाळण्यासाठी शिवलेली ती गोधडी मात्र आज पॅरिसच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे.