बोटीतून उतरा, ट्राममध्ये चढा

उठा, मुंबई आली. साल १९३८ धरा. खिशात मोबाइल चाचपू नका, तिथे फक्त थोडी चिल्लर आहे. रात्रभर पाठीखाली धडधडणारं बोटीचं इंजिन थंडावलंय आणि शेजारच्या काकांचं कोपर तुमच्या बरगडीत रुतलंय. काल देवगडला पडावातून हेलकावे खात आलात, तेव्हा खलाशाने बखोटीला धरून तुम्हाला वर ओढलं होतं. अंगाला कोळशाचा धूर, सुकी मासळी, पिकायला लागलेले आंबे आणि कुणाला तरी बोट लागल्याचा आंबूस वास आहे. घाबरू नका, सगळ्यांच्याच अंगाला आहे.

भाऊच्या धक्क्यावर फळी पडायच्या आत अर्धी बोट उभी राहिलेली असते. पावसाळ्याआधीच्या शेवटच्या फेऱ्या या. एकदा बोटी बंद झाल्या की चाकरमानी गावातच अडकायचा. "वायच सरका हो!" म्हणत एक बाई डोक्यावरच्या फणसासकट तुमच्या अंगावरून पुढे जाते. फणसाचे काटे तुमच्या कानाला लागतात. हमाल तुमच्या ट्रंकेवर हात ठेवूनच भाव सांगतो. व्हिक्टोरियावाल्याचा भाव तर ऐकूच नका. ट्रंक खांद्यावर, वळकटी काखेत, आणि चला पायधुणीकडे. उन्हाने वितळलेलं डांबर चपलेला चिकटतंय, घोड्यांच्या लिदीवर माश्या घोंघावतायत.

टण्! टण्! टण्! ड्रायव्हर टाचेने घंटा बडवतोय, पण पुढचा हातगाडीवाला मान वळवायलाही तयार नाही. दुमजली ट्राम ती, रूळ सोडून बाजूला जाणार कुठे? लटका दांड्याला. ट्रंक पायाशी सरकवा, वळकटी बाकाखाली ढकला. आणा द्या, तिकीट घ्या. एका आण्यात इतकी मुंबई पुन्हा कुणी दाखवणार नाही, म्हणून खरं तर वरच्या मजल्यावरच बसायला हवं. पण ट्रंक घेऊन त्या जिन्याला भिडायचं धाडस मी तरी सुचवणार नाही.

भेंडीबाजारात कबाबांचा धूर थेट खिडकीतून आत येतो. उपाशी पोटाला तो छळतो आणि ट्राम तिथेच खोळंबते. समोर बैलगाडी, तिच्यापुढे दुसरी ट्राम. कुणीही घड्याळ बघत नाही. पुढच्या बाकावरचे गृहस्थ पेपर उलगडतात, तुम्ही त्यांच्या खांद्यावरून अर्धी बातमी वाचता, ते पान उलटतात. जे. जे. हॉस्पिटल. भायखळा. आता हवेत कोळसा आणि कापसाची तूस, घशात खवखव. गिरणीचा भोंगा इतका जवळून होतो की दात वाजतात. पाळी सुटते, कामगारांचा लोंढा रस्ता भरून टाकतो. ट्राम आणखी हळू. ही गाडी १९६४ साली कायमची बंद पडणार हे अख्ख्या ट्राममध्ये तुम्हाला एकट्यालाच ठाऊक आहे. बोलू नका, कंडक्टर वेड्यात काढेल.

"लालबाग! लालबाग!" उतरा. पण उतरताना तोंड ट्राम जाते त्या दिशेला ठेवा, नाहीतर आपटाल. छान! ट्रंक आली?

आणि वळकटी?

बाकाखालीच राहिली. ट्राम तर निघालीसुद्धा. अहो, उभे काय राहिलात, ट्रंक त्या पानवाल्याकडे ठेवा आणि पळा! ट्रामच आहे ती. परळच्या आत गाठाल.