व्याज, वाटा आणि विश्वास : मीत गम्र ते अल्-रय्यान

इस्लामी अर्थव्यवहाराचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा बहुधा दोन वाटांनी जाते. काहींच्या मते हा आखाती तेलाच्या पैशाने उभा केलेला डोलारा आहे. इतरांना तो सातव्या शतकातला एक निर्बंध विसाव्या शतकात जिवंत ठेवण्याचा श्रद्धाळू खटाटोप वाटतो. या दोन्ही समजुतींना थोडाथोडा आधार आहे. परंतु आधुनिक बिनव्याजी गुंतवणुकीचा पहिला गाजलेला प्रयोग तेलाच्या प्रदेशात झाला नाही आणि तो धर्मशास्त्र्यांनीही केला नाही. तो १९६३ साली, नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या मीत गम्र नावाच्या गावात, जर्मनीत शिकून आलेल्या एका अर्थशास्त्रज्ञाने केला. त्याचे नाव अहमद अल्-नज्जार.

या प्रयोगाकडे वळण्यापूर्वी मूळ तत्त्व थोडक्यात पाहायला हवे. कुराणाने 'रिबा' निषिद्ध मानला आणि व्यापार मात्र वैध ठरवला. रिबा म्हणजे केवळ अवाजवी व्याज की कोणतेही व्याज, हा वाद जुना आहे. बहुसंख्य शास्त्रकारांनी दुसरा अर्थ स्वीकारला. मग ज्याच्याकडे पैसा आहे पण धंदा नाही, आणि ज्याच्याकडे कसब आहे पण पैसा नाही, अशा दोघांनी एकत्र यावे कसे? त्याचे उत्तर 'मुदारबा' या करारात होते. एकाने भांडवल द्यावे, दुसऱ्याने व्यापार करावा आणि नफा आधी ठरलेल्या प्रमाणात वाटून घ्यावा. तोटा आला तर भांडवलवाल्याचे भांडवल जाते आणि व्यापाऱ्याचे श्रम वाया जातात. व्यापाऱ्याने हयगय वा लबाडी केली नसेल, तर त्याच्या घरादारावर टाच येत नाही. या कराराचे सारे मर्म तोट्याच्या या कलमात आहे. व्याजाच्या व्यवहारात पीक बुडाले तरी सावकाराचे येणे बुडत नाही. येथे ते बुडू शकते.

हा विचार मराठी वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. साचलेले व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये, हा 'दामदुपटी'चा नियम धर्मशास्त्राने सांगितला आणि मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी तो हिंदू ऋणकोंना लागू केला. शिवाय कर्ज, नफा, हिशेब, रक्कम, वसूल, जामीन हे आपले रोजचे शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आले आहेत. 'व्याज' हा शब्द तेवढा संस्कृत आहे आणि संस्कृतात त्याचा अर्थ बहाणा, निमित्त असा होतो. व्याजोक्ती, व्याजस्तुती हे अलंकार शिकताना आपण तो अर्थ वापरतोच. या शब्दाकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

ईजिप्तमध्ये प्रश्न ऐरणीवर आला तो टपाल खात्याच्या बचत योजनेमुळे. विसाव्या शतकाच्या आरंभी ही योजना सुरू झाली तेव्हा हजारो मुसलमान खातेदारांनी जमा झालेले व्याज उचलण्यास नकार दिला. सरकारला मुफ्ती मुहम्मद अब्दुह यांच्यासारख्या सुधारकांचा सल्ला घेऊन त्यातून वाट शोधावी लागली. शहरी खातेदारांचा प्रश्न असा कसाबसा सुटला, पण खेड्यातला शेतकरी बँकेपर्यंत पोहोचतच नव्हता. त्याची बचत जमिनीत पुरलेल्या नाण्यांत किंवा बायकोच्या अंगावरच्या दागिन्यांत राही, आणि नड आली की तो सावकाराच्या दारात उभा राही.

अल्-नज्जार यांनी हे दुखणे ओळखले. जर्मनीतल्या स्थानिक बचतपेढ्या त्यांनी जवळून पाहिल्या होत्या. या पेढ्यांत गावाचा पैसा गावातच फिरे आणि ठेवीदार व कर्जदार एकमेकांना ओळखत. हा सांगाडा घेऊन त्यात मुदारब्याचे तत्त्व बसवायचे, अशी त्यांची कल्पना होती. मीत गम्रच्या पेढीत तीन प्रकारची खाती होती. पहिले साध्या बचतीचे. त्यावर व्याज नसे, पण पैसे केव्हाही काढता येत आणि अडीअडचणीला छोटे बिनव्याजी कर्ज मिळण्याचा हक्क खातेदाराला लाभे. दुसरे गुंतवणुकीचे. त्यातला पैसा वर्षभर ठेवावा लागे. पेढी तो धंद्यात लावी आणि नफातोट्यात खातेदाराचा वाटा असे. तिसरे समाजनिधीचे, ज्यात जकातीची रक्कम जमा होई आणि गरजूंसाठी वापरली जाई.

नावात मात्र 'इस्लामी' हा शब्द नव्हता. त्याला राजकीय कारण होते. ईजिप्तमधल्या बँकांचे राष्ट्रीयीकरण होऊन गेले होते, आणि मुस्लिम ब्रदरहुडशी नासर यांच्या राजवटीचे उघड वैर होते. धर्माचा उच्चार करणारी संस्था त्या काळात टिकली नसती. पण या सक्तीच्या मौनाचा एक लाभ झाला असे वाटते. लोकांचा विश्वास नावाच्या जोरावर मागण्याची सोय पेढीला राहिली नाही. तो व्यवहारातूनच मिळवावा लागला. आणि तो मिळाला. पहिल्या वर्षी हजारांत असलेली खातेदारांची संख्या चार वर्षांत अडीच लाखांच्या घरात गेली आणि अशा नऊ पेढ्या उभ्या राहिल्या.

१९६७ मध्ये हा प्रयोग संपला. सरकारने पेढ्या ताब्यात घेऊन राष्ट्रीय बँकेकडे सोपवल्या आणि तेथे नेहमीचा व्याजी व्यवहार सुरू झाला. यामागे आर्थिक अडचण किती आणि राजकीय संशय किती, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. पुढे सादात यांच्या काळात, १९७१ साली, नासर सोशल बँक स्थापन झाली. ती बिनव्याजी होती, पण तिचा जन्म सरकारी आदेशातून झाला होता. गावाने गावासाठी चालवलेल्या पेढीचे रूप परत आले नाही.

त्यानंतरचा इतिहास सर्वपरिचित आहे. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले. १९७५ मध्ये जिद्द्याला इस्लामिक डेव्हलपमेंट बँकेचे काम सुरू झाले आणि त्याच वर्षी दुबई इस्लामिक बँक निघाली. पैसा वाढला तसे तत्त्व पातळ होत गेले. मुदारब्यातला तोटा सोसण्याची कोणाचीच तयारी नव्हती. त्याऐवजी 'मुराबहा' रूढ झाला: ग्राहकाला हवी ती वस्तू बँकेने विकत घ्यायची आणि ठरावीक जादा किंमत लावून त्याला हप्त्यांनी विकायची. हा व्यवहार शास्त्रात बसतो. मात्र जादा किंमत बाजारातल्या व्याजदराकडे पाहून ठरू लागली आणि बँकेचा धोका नावापुरता उरला, तेव्हा विक्री हे केवळ निमित्त ठरले. संस्कृतातल्या अर्थाने ते व्याजच होते. ही टीका विरोधकांनीच केली असे नाही. बिनव्याजी बँकिंगवर १९६० च्या दशकात उर्दूत मूलभूत ग्रंथ लिहिणारे आणि १९८२ साली किंग फैसल पुरस्कार मिळालेले भारतीय अर्थतज्ज्ञ मुहम्मद नजातुल्लाह सिद्दीकी यांनीही अशा पळवाटांवर स्पष्ट शब्दांत बोट ठेवले.

या कथेचे दुसरे टोकही ईजिप्तमध्येच सापडते. १९८० च्या दशकात आखातात राबणाऱ्या ईजिप्शियन मजुरांचा आणि शिक्षकांचा पैसा मायदेशी येऊ लागला. तो गोळा करण्यासाठी 'इस्लामी गुंतवणूक कंपन्या' निघाल्या. त्यांत अल्-रय्यान सर्वांत गाजलेली. रय्यान हे चालकांच्या कुटुंबाचे नाव होते; पण उपवास करणाऱ्यांसाठी राखलेल्या स्वर्गाच्या दाराचेही तेच नाव आहे, हे कोणत्याही श्रद्धाळू ठेवीदाराला सांगावे लागत नव्हते. कंपनी वर्षाला वीस टक्क्यांहून अधिक परतावा देई आणि तो व्याज नसून नफ्यातला वाटा आहे, असे सांगे. दाढ्या, वचने, धर्मगुरूंची उपस्थिती, सारे काही होते. फक्त हिशेब नव्हता. पैसा परकीय चलनाच्या आणि सोन्याच्या सट्ट्यात लावला जात होता. १९८८ च्या १४६ क्रमांकाच्या कायद्याने या कंपन्यांना भागभांडवली कंपनीचे रूप घेणे आणि लेखापरीक्षण करून घेणे बंधनकारक केले, तेव्हा आतली पोकळी उघडी पडली. चालक तुरुंगात गेले आणि ठेवीदारांची देणी वर्षानुवर्षे रेंगाळली. १९८९ मध्ये ईजिप्तचे मुफ्ती सय्यद तंतावी यांनी सरकारी गुंतवणूक प्रमाणपत्रांवरचे उत्पन्न वैध असल्याचा फतवा दिला, तो या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. अनेक शास्त्र्यांनी त्याला विरोध केला, आणि तो वाद आजही मिटलेला नाही.

अल्-रय्यान कितीही 'इस्लामी' म्हणवून घेत असली तरी मुदारब्याची कसोटी तिला लागू पडत नव्हती. वाटा म्हटला की तो धंद्याबरोबर कमीजास्त होणार. दर महिन्याला न चुकता भरघोस 'नफा' येतो, तेव्हा एक तर ते नाव बदललेले व्याज असते, किंवा नव्या ठेवीदाराच्या खिशातून जुन्याला दिलेला पैसा असतो. हे ओळखायला धर्मशास्त्राचे ज्ञान लागत नाही. तोटा कधी दिसतच नाही, एवढा एक प्रश्न पुरेसा होता.

आपल्या देशातही हे दोन्ही प्रवाह दिसतात. मुंबई शेअर बाजाराने २०१० साली शरियत-अनुकूल समभागांचा निर्देशांक सुरू केला. मद्य, जुगार, व्याजी वित्तव्यवहार यांतल्या आणि फार कर्जबाजारी असलेल्या कंपन्या अशा निर्देशांकांत वगळल्या जातात. २०१६ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत लोकमंगल सहकारी बँकेने बिनव्याजी व्यवहाराची शाखा उघडली. रघुराम राजन समितीने २००८ च्या अहवालात बिनव्याजी बँकिंगला वाव द्यावा असे सुचवले होते, पण रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये तो प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरवले. आणि २०१९ मध्ये बेंगळुरूची आय मॉनेटरी अॅडव्हायझरी ही कंपनी कोसळली. 'हलाल' गुंतवणुकीच्या नावाने तिने हजारो सामान्य मुस्लिम कुटुंबांची पुंजी गोळा केली होती. अल्-रय्यानची गोष्ट तीस वर्षांनी जवळजवळ तशीच्या तशी घडली.

सुप्याच्या बाजारात १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. त्या वहीत काय लिहिले आहे हे त्यांना वाचता येत नव्हते, आणि जे लिहिले आहे त्यावर आपला काही अधिकार नाही, एवढे मात्र कळत होते. पुढे १९०४ च्या कायद्याने पतसंस्था आल्या, त्यांचा आदर्श जर्मनीतल्या रायफायझन यांच्या ग्रामीण पतसंस्थांचा होता. अल्-नज्जार यांनीही साठ वर्षांनी जर्मनीच्याच बचतपेढ्यांकडून धडा घेतला. धर्म वेगळे, काळ वेगळा. पण शेतकऱ्याचे दुखणे एकच होते आणि औषधही एकाच मुलखातून आले. व्याज घ्यावे की वाटा, हा प्रश्न श्रद्धेचा आहे आणि तो ज्याने त्याने सोडवावा. वही उघडी असावी आणि तोट्याच्या दिवशी पैसेवाल्यानेही आपला भार उचलावा, ही अपेक्षा मात्र दोन्हीकडे सारखी होती. मीत गम्रची पेढी चारच वर्षे चालली, पण त्या चार वर्षांत तिने ती बऱ्याच अंशी पूर्ण केली होती.