रोजची भाकर

प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत आपण 'रोजची' भाकर मागतो. मूळ ग्रीक शुभवर्तमानात येथे 'एपिऊसिओस' हा शब्द आहे. संत मत्तय (६:११) व संत लूक (११:३) यांच्यापूर्वी तो कोणी वापरल्याचा पुरावा नाही. तो शुभवर्तमानकारांनीच घडविला असावा, असे तिसऱ्या शतकात ग्रीक पंडित ओरिजेनने लिहिले. १८८९ साली ईजिप्तमध्ये मिळालेल्या खर्चाच्या एका यादीत तो सापडल्याचे विद्वान मानीत. १९९८ साली यादी पुन्हा तपासली, तेव्हा तेथे 'तेल' निघाले!

चौथ्या शतकाच्या अखेरीस लॅटिन शुभवर्तमाने सुधारताना संत जेरोम यांनी लूकमध्ये 'दररोजची' हा अर्थ ठेवला. मत्तयमध्ये मात्र 'सर्व द्रव्यांपलीकडची' असा केला. एकाच शब्दाचे दोन अर्थ! १९९२ च्या कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथाने दोन्ही स्वीकारले: पोटाची भाकर आणि ख्रिस्तशरीर.

आम्हांस यात मोठा बोध दिसतो. चूल आणि वेदी यांची ताटातूट हा शब्द होऊ देत नाही. शेजाऱ्याच्या रिकाम्या ताटाकडे पाठ फिरवून आपण ख्रिस्तप्रसादासाठी हात पुढे केला, तर ती प्रार्थना आपण अर्धीच म्हटली.